रायवळ पिकान

सकाळी सातच्या सुमारास मागच्या ओट्यावरच्या पत्र्यावर टक् असा आवाज झाला आणि ऑल्टनच्या हातातली कॉफी बोटांवर सांडली. आवाज एवढासाच, खडा पडावा तसा. पण पिकानचं झाड लावून चौदा वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं हा आवाज होऊ नये म्हणून ऑल्टन देव पाण्यात घालून बसला होता. आतून नेल्डाचा आवाज आला, "पडलं का रे?" तो म्हणाला, खार असेल. "खार पळाली की खडखड वाजतं. हे टक् होतं. जा, बघ." तीन आठवड्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला होता आणि ओट्याच्या दोन पायऱ्या उतरायला डॉक्टरांनी नाताळपर्यंत बंदी घातली होती. ऑल्टननं बोटं विजारीला पुसली आणि तो अंगणात उतरला. उत्तरेचा वारा रात्रीच सुटला होता. सॅन अँटोनियोत नोव्हेंबरमध्ये असा एखादाच वारा येतो आणि झाडावरचं सगळं एका दमात उघडं पाडतो. हिरवी सालं चार फाकांत उकलली होती आणि आत अक्रोडासारखी टणक, तपकिरी फळं दिसत होती. एक खाली पडलं होतं. त्यानं ते उचललं, मुठीत झाकलं आणि ओट्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाला, "पोचट आहे. किडकं." "आण इकडं." "फेकलं सुद्धा." फळ त्यानं शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं. बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

गराजमध्ये जाऊन, दार लावून त्यानं ते दिव्याखाली धरलं. गोटीएवढं, बुटकं, गोल, जाड कवचाचं. रायवळ, बीपासून आपोआप वाढलेल्या झाडाचं. सेगीन गावाच्या नदीकाठी वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे लांबून कळलं असतं, आणि नेल्डा तर तिथं पिकानच्या झाडाखाली रांगलेली होती. तिच्या बापाचं फळ बोटाच्या पेराएवढं लांब, टोकाशी काळ्या रेघा ओढलेलं, दोन फळं तळव्यात धरून दाबली की कवच कागदासारखं सुटायचं. बापानं त्या वाणाला आपल्या बायकोचं नाव दिलं होतं, आल्मा. जगात आल्माचं एकच मूळ झाड होतं आणि त्या नदीकाठावर आता घरांची वसाहत होती. नेल्डाची समजूत अशी, की तिच्या अंगणात उभं असलेलं झाड म्हणजे आल्मा. एक फळ तिच्या हातात पडलं की अकरा वर्षांचं खोटं उघडं पडणार होतं आणि या घरात त्यानंतर काय होईल याचा विचार करायला ऑल्टनचं मन तयार नव्हतं. त्यानं पकडीत धरून फळ फोडलं. गर बारीक तुकड्यांत निघाला. जिभेवर ठेवला आणि तो पेट्रोलच्या डब्यावर बसला.

तीच चव. तेलकट, दाट, शेवटी किंचित कडवट आणि मग पुन्हा गोड. अनाथाश्रमाच्या धोबीखान्यामागं एक झाड होतं. कुणी लावलेलं नव्हतं, आपलं आपण आलेलं. शरद सुरू झाला की मुलं पहाटे उठून ती फळं वेचायची, दगडानं फोडायची, बोटं काळी व्हायची आणि स्वयंपाकीणबाई काळ्या बोटांवर पळी मारायची. अंगणातल्या त्या एका झाडाला कधी कुणी विचारलं नाही तू कुणाचं म्हणून. साठाव्या वर्षी कशासाठी तरी तो त्या गावावरून जात होता. इमारत गेली होती, धोबीखाना गेला होता, झाड होतं. त्यानं ओंजळभर फळं कोटाच्या खिशात घातली. घरी आणून ओल्या वाळूत घालून, पावाच्या पिशवीत बांधून हिवाळाभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. नेल्डा रोज म्हणायची, "लोण्याशेजारी तुझी ती माती कशाला?" त्यातली एकच उगवली. पिकानचं सगळं आधी खाली चालतं. वर बोटभर कोंब दिसतो तेव्हा खाली मूळ हातभर गेलेलं असतं. म्हणून त्यानं उंच पाइपात बी लावलं होतं आणि अंगणातल्या चुनखडीच्या पोपड्यातून पहारीनं कंबरभर खड्डा खणला होता. खारींसाठी जाळी केली होती. पहिल्या वर्षी सात पानं आली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी नात्याचं वाटलं होतं. हे तो कुणाला बोलला नाही. साठ वर्षांच्या माणसानं अशा गोष्टी बोलायच्या नसतात, आणि नेल्डाला तर नाहीच.

कारण नेल्डा हसली होती. पन्नास वर्षं होत आली त्याला. सेगीनच्या नाचाच्या हॉलमध्ये, सगळं गाव बिअर पीत बसलेलं, आणि तिनं त्याला पहिल्यांदा बापापुढं उभं केलेलं. ह्यूगो उंच, लाल मानेचा, पिकानच्या रसानं नखं कायमची काळी झालेला. "कुणाचा रे तू?" "कुणाचाच नाही, सर. अनाथाश्रमात वाढलो." ह्यूगोनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात कलमासाठी खुंट निवडावा तसं, आणि टेबलाकडे वळून म्हणाला, "म्हणजे रायवळ!" टेबल हसलं. नेल्डानं तोंडावर हात धरला होता, पण बोटांच्या फटीतून तिचे दात दिसत होते. पुढं त्याच ह्यूगोनं त्याला कलम बांधायला शिकवलं. शिकवताना म्हणायचा, "बीच्या झाडाचा भरवसा नसतो, पोरा. आई कितीही चांगली असो, पोटचं काय निघेल सांगता येत नाही. तुझ्या बाबतीत तर आईचाही पत्ता नाही. म्हणून तीन वर्षं वाढू द्यायचं, मग मुंडकं उडवायचं आणि वर चांगल्या घरची काडी बसवायची. खाली मूळ त्याचं, वर नाव आपलं. कळलं का?" "हो, सर." चाळीस वर्षं तो ह्यूगोला हो सर म्हणत आला. मुलंबाळं झाली नाहीत तेव्हाही ह्यूगो म्हणाला होता, बरंच झालं म्हणायचं. त्यावरही ऑल्टनच्या तोंडून सवयीनं हो सर गेलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तो न्हाणीघरात नळ सोडून बसला होता.

ह्यूगो एक्याण्णवाव्या वर्षी गेला, आणि नदीकाठ विकला गेला. झाडं तोडण्याआधी दोघी बहिणींनी, नेल्डा आणि व्हर्लीननं, आल्माच्या काड्या कापून आणल्या. बापाला शेवटची दोन वर्षं कुणी सांभाळलं यावरून दफनाच्याच दिवशी त्यांचं बोलणं तुटलेलं, त्यामुळं काड्यासुद्धा वेगवेगळ्या गाड्यांतून गेल्या. ह्यूगोची एक पद्धत होती. फेब्रुवारीत काड्या काढल्या की प्रत्येकीचं वरचं टोक लाल रंगात बुडवायचं. कलम बांधायचं एप्रिलमध्ये, साल सुटायला लागली की. तोवर दोन महिने काडी फ्रीजमध्ये पडून असते, डोळे झोपलेले असतात, आणि वर कुठलं, खाली कुठलं हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. उलटी बांधली की मेली. लाल टोक वर. त्या वर्षी नेल्डानं लाल रंग म्हणून आपला नखांचा रंग वापरला. बापाच्या दफनाला तिनं तोच लावला होता. ऑल्टन म्हणाला होता, "आपण दुसरं रोप विकत आणू या ना कलमासाठी." नेल्डानं खिडकीतून बाहेर पाहिलं. तीन वर्षांचं त्याचं झाड, अंगठ्याएवढ्या जाडीचं, त्याच्या छातीइतकं उंच. "ह्याला काय झालंय? रायवळच आहे ना?"

त्या एप्रिलमधली ती सकाळ त्याला अजून हाताच्या बोटांत आठवते. करवत दोनदा फिरवली आणि शेंडा पडला, इतकं सोपं होतं ते. पडलेल्या शेंड्यावर पानं होती आणि ती तासभर तरी आपण पडलोय हे न कळल्यासारखी हिरवी राहिली. सालीच्या चार पाकळ्या खाली सोलल्या, मधलं लाकूड छाटलं, काडीचं टोक चारी बाजूंनी तासलं, बसवलं, पाकळ्या वर ओढून घेतल्या, रबर लावलं. रबराचा दुसरा वेढा घालताना त्याला पाकळ्यांच्या मध्ये तांबडा ठिपका दिसला. टोक आत होतं. डोळे जमिनीकडे बघत होते. चूक झाली हे बांधून व्हायच्या आत त्याला कळलं होतं. सोडवायला दोन मिनिटं लागली असती. तो थांबला. रस्त्यानं आइसक्रीमची गाडी घंटा वाजवत गेली. मग त्यानं तिसरा वेढा घातला, चौथा घातला, वरून चिकटपट्टी, त्यावर चंदेरी कागद, त्यावर पिशवी, सगळं ह्यूगोनं शिकवलेलं, नीट, चोख, एकही सुरकुती नाही. काडी सुकून मेली. तीन आठवड्यांनी संध्याकाळी त्यानं ती उपटली, कागदासकट कचऱ्यात, कॉफीच्या चोथ्याखाली दडपली. खुंटाच्या बाजूनं त्याच्याच झाडाचा फुटवा जोरात वर आला होता. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तो म्हणाला, "लागलं." नेल्डा अंगणात गेली, त्या फुटव्यापुढं उभी राहिली आणि खांदे हलवत रडली. ऑल्टननं हे स्वयंपाकघरातून पाहिलं आणि त्याला लाज वाटली नाही. उलट अंड्यावर मीठ घालताना हात इतका हलका झाला की थोडं जास्तच पडलं.

शिक्षा नंतर सुरू झाली, आणि ती रोजच्या कामासारखी आली. "बाबांची कलमं सहाव्या वर्षी फळ धरायची. आपलीच कशी धरत नाही?" सहाव्या वर्षी विचारलं, सातव्या वर्षी विचारलं, नंतर दर वसंतात. त्यानं उत्तरं शोधली. जमिनीत जस्त कमी आहे. मग तो वर्षातून सहा वेळा पाठीवर पंप घेऊन जस्त फवारू लागला. पाणी कमी पडतं. मग ऑगस्टच्या उन्हात, झाडांना नळाचं पाणी घालायला बंदी असताना, आंघोळीचं पाणी बादल्यांनी टाकू लागला. उशिरा थंडी पडली. चुनखडी लागली. त्याची कंबर वाकली, डाव्या खांद्यातून कटकट आवाज येऊ लागला, आणि झाड मात्र उंच, रुंद, देखणं होत गेलं, पंचवीस फूट. फेब्रुवारी आला की नेल्डा म्हणायची, "सहा काड्या काप रे. चुलतभावाला हवंय आल्मा." आणि तो शिडी शोधत, मग शिडीची पायरी मोडली म्हणत, मग पाठ धरली म्हणत महिना घालवायचा. एक गोष्ट मात्र तो स्वतःशीही कबूल करत नव्हता. बादल्या वाहताना तो खूश असायचा. तिच्या तोंडावर तिच्या बापाचं झाड म्हणून तो स्वतःचं झाड वाढवत होता. असं सुख सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

स्वयंपाकघरातून गराजमध्ये उघडणाऱ्या दारावर कुबडी आपटली. "आत काय करतोस?" नेल्डा कुबडी टेकत तिथपर्यंत आली होती. "बाकीची वेचून आण. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला गोड पाई मी बाबांच्याच पिकानची करणार. दुकानातली फळं आणलीस तर तूच खा." त्यानं सांगितलं की हार्डवेअरच्या दुकानात जायचंय, फळं काढायला लांब काठी हवी. आणि हायवेनं पस्तीस मैल सेगीनला गेला, व्हर्लीनकडे.

व्हर्लीन पडवीत आपल्या कलमावरच्या आल्माच्या फळांच्या पाट्यांमध्ये बसली होती, बापासारखीच लाल मानेची, बापासारखीच काळ्या नखांची. तिनं त्याला गाडीतून उतरताना, फाटक लावताना, टोपी काढताना नुसतं पाहिलं. "अगंबाई! अकरा वर्षांनी मेव्हणे! कोण मेलं?" तो म्हणाला, कुणी नाही. झाडाला पहिलाच बहर आला होता पण खारींनी एकही ठेवलं नाही, आणि नेल्डाचा गुडघा, आणि तिचा हट्ट. ओंजळभर दिलीस तर. "कलम लागलं होतं ना नीट?" "म्हणजे काय." "बाबा म्हणायचे, हात चांगला आहे तुझा." ती पाटीत हात घालून फळं खुळखुळवत राहिली. "आणि नेल्डाला कळलं तर?" "कुठून कळणार? तुमचं बोलणं कुठं आहे?" व्हर्लीन हसली. तिलाही तोंडावर हात धरायची सवय होती. "खरंच की रे. बोलणं कुठं आहे आमचं." तिनं मोजून सदतीस फळं कागदी पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड दुमडून दिलं. परत येताना, वाटेत पेट्रोल भरताना, ऑल्टनला वाटलं की माणसं त्याला उगाच कठोर वाटत आली, तशी ती चांगलीच असतात.

दुपारी त्यानं सगळी फळं निळ्या वाडग्यात घालून नेल्डाच्या मांडीवर ठेवली. ती ओट्यावर गुडघ्यावर शाल घेऊन बसली होती. तिनं एक फळ बोटांत फिरवलं, टोकाच्या काळ्या रेघांवरून अंगठा नेला. मग दोन फळं तळव्यात धरून दाबली. कट् झालं. गराचा अख्खा अर्धा भाग निघाला, तिनं तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "आल्मा," ती म्हणाली. "बाबांचं आल्मा."  ऑल्टन पायरीवर बसला. नेल्डानं आणखी दोन फोडली, शांतपणे खाल्ली, टरफलं वाडग्याच्या कडेला लावून ठेवली. "बटण लोंबतंय तुझं," ती म्हणाली. "कपाटातला शिवणाचा डबा आण."

त्यानं डबा आणला. "उघड." रिळं होती, टाचण्यांची उशी होती. "खालचं काढ." रिळांच्या खाली चंदेरी कागदाची गुंडाळी होती. कागद बघितल्यावर आत काय आहे ते त्याला उघडण्याआधीच कळलं, तरी त्यानं उघडली, कारण ती बघत होती. वीतभर काडी, सुकून करडी पडलेली, एक बाजू चारी अंगांनी तासलेली. तासलेल्या टोकावर अजून लाल रंग होता. एका नखाएवढा.

"कुठलं टोक वर असतं, ऑल्टन?"

त्यानं कागद पुन्हा गुंडाळायला घेतला.

"विचारतेय मी."

"लाल."

"त्या रात्री कचरा मी बाहेर नेला. तुझी कंबर दुखत होती ना."

"पण दुसऱ्या दिवशी तू रडलीस." तो म्हणाला. "झाडासमोर उभी राहून रडलीस."

"मग काय नाचायचं होतं? माझा बाप दुसऱ्यांदा मेला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. दर वर्षी विचारलं, धरत का नाही. तू काय एकेक उत्तरं द्यायचास! जस्त काय, चुनखडी काय. शिडीची पायरी काय. काडी सापडली त्याच आठवड्यात मी व्हर्लीनला फोन केला, आणि मग रविवारी तू चर्चला गेलास की तिला सगळं सांगायचे. तिला म्हणायचे, ऐक, या वर्षीचं ऐक." तिनं तोंडावर हात धरला नाही. "आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचो. बाबा असते तर त्यांनाही आवडलं असतं. सदतीस दिली ना तिनं? तू निघालास तेव्हाच मी फोन करून सांगितलं होतं, येईल बघ, मोजून दे म्हणून."

वाऱ्यानं पत्र्यावर आणखी एक फळ पडलं. टक्. दोघंही तिकडं बघायला वळले नाहीत. ऑल्टनला आठवलं, आपण बादल्या वाहायचो तेव्हा ही या खुर्चीत बसलेली असायची. त्याला वाटायचं, झाडाकडे बघतेय.

"व्हर्लीन फेब्रुवारीत काड्या देणार आहे," नेल्डा म्हणाली. "कमरेइतका बुंधा ठेवायचा आणि वरचं सगळं कापायचं. साल सुटली की चारी बाजूंनी चार काड्या बांधायच्या. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन. टोकं मी रंगवीन."

"नेल्डा, पंचवीस फूट आहे गं ते."

"मूळ चांगलं आहे त्याचं." तिनं त्याच्या शर्टाकडे बोट केलं. "खिशात काय आहे?"

त्यानं खिशावर हात ठेवला. गराजमधून निघताना, सेगीनहून आल्यावर, अंगणातून जाताना उचललेली पाचसहा गोल फळं. लोंबतं बटण हातात तुटून आलं. त्यानं फळं तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं दोन धरून दाबली, पुन्हा दाबली, तिच्यानं ती फुटली नाहीत. तेव्हा तो आत गेला, पकड घेऊन आला, ओट्याच्या फरशीवर गुडघे टेकून त्यानं एक फळ फोडलं, टाचणीनं गराचे तुकडे काढले आणि तिला दिले. तिनं तोंडात टाकले. ती सावकाश चावत राहिली, आणि ऑल्टन तिच्या जबड्याकडे बघत राहिला, आश्रमात रांगेत उभं राहून पळीकडे बघायचा तसा. त्याला वाटलं, एवढं तरी. आयुष्यात एकदा, एवढं तरी. तिनं गिळलं. दातात अडकलेलं जिभेनं काढलं, तेही चावलं. चवीच्या बाबतीत ती कधी खोटं बोलत नसे, हे त्याला ठाऊक होतं.

"गोड आहे," नेल्डा म्हणाली. "बाबांच्या फळापेक्षा गोड आहे."

तिनं हात झटकले आणि शाल गुडघ्यावर नीट घेतली.

"एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काप."

"हो, सर," ऑल्टन म्हणाला.